दीड अंड्याचा हिशेब

गाजराच्या केकची माझी कृती तीन अंड्यांची. ती निम्मी करायला बसलो आणि कागदावर उत्तर आलं, दीड अंडं. पेन्सिल कानावर ठेवून त्या दीडकडे मी जरा वेळ बघत राहिलो. नोकरीत ड्राफ्ट्समन होतो, अर्ध्या मिलिमीटरवरून भांडलेलो आहे. पण अर्धं अंडं कधी वाट्याला आलं नव्हतं.

निम्मं करायचं कारण साधं. घरात आता आम्ही दोघंच. हा केक २३ सेंटिमीटरच्या गोल टिनमध्ये होतो, बारा तुकडे पडतात, आणि बारा तुकडे समोर असले की दोन माणसं ते चार दिवसांत फस्त करतात. टाकवत नाही म्हणून खायचं. त्यात हिच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वर आलं. डॉक्टर म्हणाले, खाण्यावर लक्ष द्या. आमच्याकडे त्याचा पहिला अर्थ निघाला तो अंडी बंद.

हा अर्थ आमच्याच डोक्यात उगवलेला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये सांगितलं होतं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल घ्या आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नका. एका अंड्याच्या बलकातच साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे अंडं कायमचं आरोपीच्या पिंजऱ्यात गेलं. २०१५ ते २०२० या काळासाठी अमेरिकेने जी आहारसूत्रं काढली त्यांतून ३०० चा आकडा वगळला गेला. कागदावरून गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. हिने किती अंडी खायची ते तिचे डॉक्टर ठरवतील. केकमधलं अंडं किती दोषी, एवढं मात्र मला मोजता येत होतं.

म्हणून आख्ख्या केकचा हिशेब मांडला. मैदा २५० ग्रॅम, म्हणजे ९०० कॅलरींच्या आसपास. साखर ३०० ग्रॅम, सुमारे १२००. तेल २४० मिलिलिटर, त्याच्या जवळपास १९५०. किसलेल्या गाजराच्या सव्वाशे. आणि तीन अंड्यांच्या मिळून सव्वादोनशेच्या आत. बेरीज सुमारे ४४००, तुकड्याला ३६५. त्यात अंड्यांचा वाटा शेकडा पाच! प्रत्येक तुकड्यात पाव अंडं, म्हणजे कोलेस्टेरॉल ४६ मिलिग्रॅम. तेल आणि साखर बाजूला बसून मजा बघतायत आणि आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

हिला कागद दाखवला. तिने चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितला.

"अहो, म्हणजे अंडी राहू द्यायची आणि केक कमी करायचा, असंच ना?"

"असंच."

"मग त्यासाठी एवढा कागद कशाला भरलात?"

तर केक कमी करायचा. साहित्य सगळं निम्मं केलं आणि उत्साहाच्या भरात टिनही निम्म्या व्यासाचा घेतला, १२ सेंटिमीटरचा. आता हसा. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाला वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने बदलतं हे ऐन वेळी आठवलं नाही. निम्म्या व्यासाच्या टिनमध्ये निम्मं नाही, पावपट मिश्रण मावतं. विसाव्या मिनिटाला केक कठड्यावरून उतरायला लागला, तिसाव्याला ओव्हनच्या तळाशी जळून धूर. खिडक्या उघडताना ही काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला जास्त लागतं.

खरा हिशेब असा. निम्म्या मिश्रणाला व्यास १.४१४ ने भागायचा. २३ भागिले १.४१४, म्हणजे सव्वासोळा. १६ चा टिन बरोबर बसतो. १८ चा घेतलात तर केक जरा बुटका होईल, बिघडणार नाही, फक्त लवकर भाजला जाईल. चौकोनी टिन असेल तर २० सेंटिमीटर बाजूचा चौकोन आणि २३ चा गोल जवळजवळ सारखे, ४०० विरुद्ध ४१५ चौरस सेंटिमीटर. हे आकडे मी ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलेत.

भाजण्याची गोष्टही तशीच फसवी. निम्मा केक निम्म्या वेळात होत नाही. ओव्हनचं तापमान तेच, १८०. वेळ ठरते ती जाडीवर. मिश्रणाची उंची तेवढीच राहिली तर पंचेचाळीस मिनिटांच्या जागी पस्तीस लागतात, कारण लहान टिनमध्ये कडेची उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचते. मी पंचविसाव्या मिनिटापासून काडी घालून बघायला लागतो.

आता दीड अंडं. ते अवघड नाही, नुसतं किचकट आहे. मध्यम-मोठं अंडं फोडल्यावर आत साधारण ५० ग्रॅम ऐवज असतो. तीस-बत्तीस पांढरा, बाकी बलक. एक अंडं आख्खं घालायचं. दुसरं वाटीत फोडून काट्याने इतकं फेटायचं की बलक आणि पांढरं वेगळं दिसता कामा नये, मग वजनकाट्यावर २५ ग्रॅम मोजून घ्यायचं. फेटल्याशिवाय मोजायला गेलात तर पांढरा भाग जेलीसारखा एकसंध घसरतो आणि वाटीतलं सगळंच्या सगळं खाली येतं. माझं आलं होतं. उरलेलं अर्धं झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी ऑम्लेटमध्ये. ते ठेवलंय हे विसरायचं नाही. मी दोनदा विसरलोय.

इथपर्यंत आम्ही अंड्याला ठेवूनच चाललो होतो. मग भाचीचा फोन आला.

"मामा, रविवारी आम्ही येतोय. तू केक करशील हे मला माहितीये, म्हणून आधीच सांगते. पिल्लूला अंड्याची अ‍ॅलर्जी निघाली. केकमधलंसुद्धा चालणार नाही."

पिल्लू सहा वर्षांचा. मी दुकानातून 'अंड्याला पर्याय' असं ठळक लिहिलेला खोका आणला आणि मोठ्या ऐटीत भाचीला फोटो पाठवला. तिचं उत्तर एका मिनिटात आलं. मागचं बारीक अक्षर वाच. वाचलं, त्यात पहिलाच घटक अंड्याचा पांढरा भाग. म्हणजे तो पर्याय बलकाला होता, अंड्याला नव्हे. असली उत्पादनं अमेरिकेत १९७० च्या दशकापासून मिळतात, कोलेस्टेरॉलला घाबरणाऱ्यांसाठी केलेली. बलक काढून टाकायचा, पांढऱ्यात रंग आणि जीवनसत्त्वं मिसळायची. हिच्यासाठी तो खोका उत्तम होता. पिल्लूसाठी चक्क धोका, कारण अंड्याच्या अ‍ॅलर्जीला मुख्यतः पांढऱ्यातली प्रथिनंच कारण होतात आणि त्यातली काही भाजल्यानेही मोडत नाहीत. अंड्याला पर्याय आणि अंड्याशिवाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला साठीत कळलं. त्या दिवशी फेटायचा काटा, वाटी, रबरी उलथणं, सगळं पुन्हा एकदा गरम पाण्याने घासलं.

मग जवस. एका अंड्याच्या जागी जवसाची पूड एक टेबलस्पून, म्हणजे ७ ग्रॅम, आणि पाणी तीन टेबलस्पून, ४५ मिलिलिटर. हे प्रमाण सगळीकडे सांगतात, आणि बरोबर आहे. पण ते होताना एकदा नुसतं बघत बसा. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही. तपकिरी पाणी आणि त्यावर तरंगणारा भुसा. आपण उगाच उठाठेव केली असं वाटतं. पाचव्या मिनिटाला भुसा खाली बसायचं सोडून पाण्यातच अधांतरी थांबतो. दहाव्याला काटा फिरवला तर मागे वाट उरते आणि हळूहळू बुजते. पंधराव्याला काटा उचलला की त्याच्या दातांवरून एक लांब, चकचकीत तार खाली येते, तुटता तुटत नाही. फेटलेल्या अंड्याची तार तशीच असते. जवसाच्या सालीत एक चिकट पदार्थ असतो, तो पाणी पिऊन फुगतो, त्याची ही तार. दाणे आख्खे भिजवले तर फार वेळ लागतो, म्हणून पूड. आणि पूड ताजी, कारण जवसाचं तेल हवा लागली की खवट होतं. मी थोडीच दळतो आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीझरला ठेवतो.

रविवारी सकाळी मापं काढायला बसलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. निम्मा केक, दीड अंडं. म्हणजे जवस साडेदहा ग्रॅम, पाणी ६७ मिलिलिटर. झालं! फोडायचं नाही, फेटून मोजायचं नाही, उरलेलं अर्धं वाटीत पडून राहायचं नाही. कृतीचे भाग करताना सगळ्यात अडून बसतो तो पदार्थ म्हणजे अंडं, कारण ते नगावर येतं. मैदा नगावर येत नाही, साखर येत नाही. अंड्याच्या जागी पूड आणि पाणी आलं की कृती कुठेही कापता येते, तिसरा हिस्सा, पाचवा हिस्सा, एका मफिनपुरती. ज्याच्यासाठी मी महिनाभर वाटीत २५ ग्रॅम मोजत होतो तो प्रश्नच गेला. एवढ्या आनंदाने मी हिला हाक मारली की ती आंघोळीतून ओरडली, "काय पेटलं?"

तो केक चांगला झाला. अंड्याच्या केकपेक्षा जरा दडस, जरा ओलसर, दाताखाली जवसाचा किंचित खमंगपणा. गाजर आणि दालचिनीत तो लपतो. पांढऱ्या व्हॅनिला केकमध्ये लपत नाही, ठिपके दिसतात. तिथे सोनेरी जवस घ्यावं.

पहिल्या यशाने माणूस शेफारतो. पुढच्या दोन महिन्यांत मी दिसेल त्या पदार्थातलं अंडं काढलं आणि दिसेल ते घातलं. त्यातून जे शिकलो ते एवढंच, की अंडं प्रत्येक पदार्थात वेगळ्या नोकरीला असतं. पॅनकेकमध्ये ते बांधून ठेवतं. कस्टर्डमध्ये घट्ट करतं. मेयोनीजमध्ये तेल आणि पाणी एकत्र नांदवतं, ते काम बलकातल्या लेसिथिनचं. स्पंजमध्ये हवा धरतं, आणि तापमान साठ-पासष्टच्या पुढे गेलं की प्रथिनं गोठून त्या हवेभोवती भिंती उभ्या करतात. जवस यातलं पहिलं काम करतं, चौथं अजिबात नाही. चार अंडी साखरेबरोबर पंधरा मिनिटं फेटून होणारा स्पंज मी जवसावर केला. ओव्हनमधून निघालं ते पायपुसणं. हिने बोटाने दाबून बघितलं, बोटाचा ठसा तसाच राहिला. "खड्डा बुजत नाहीये हो," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून माझा नियम असा, की कृतीत एक किंवा दोन अंडी असतील तर बिनधास्त बदलायचं. तीनला विचार करायचा. गाजराचा केक तरला कारण गाजर आणि सोडा त्याला हात देतात. चार आणि वर असतील तर पर्याय शोधायचा नाही, मुळातच अंड्याविना लिहिलेली दुसरी कृती शोधायची.

केळं मला आवडलं नाही. एका अंड्याला ६० ग्रॅम कुस्करलेलं केळं, काम होतं, पण मग तो पदार्थ केळ्याचाच होतो, नाव काहीही द्या. रंगही लवकर चढतो. शिवाय त्यात सात-आठ ग्रॅम साखर येते, ती कुणी मोजत नाही. दही ६० ग्रॅम, मफिनला फार छान, सोड्याशी त्याचं जमतं. मऊ टोफू ६० ग्रॅम मिक्सरमधून गंधासारखा गुळगुळीत करून ब्राउनीत घातला, कुणाला पत्ता लागला नाही; गुठळी राहिली तर मात्र लागतो. सफरचंदाचा गर अंड्याच्या जागी मला गिचका वाटला, पण तेलाच्या जागी तो हिरा आहे. त्याचं पुढे सांगतो. व्हिनेगर एक टेबलस्पून आणि बेकिंग सोडा एक टीस्पून, हे चॉकलेट केकला. सोडा आणि आम्ल भेटले की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो, पण तो धरून ठेवायला अंड्याची भिंत नाही, म्हणून मिश्रण एकत्र केल्यावर फोनवर बोलत उभं राहायचं नाही. थेट ओव्हन.

आणि काबुली चण्यांचं पाणी. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी चेष्टा समजलो असतो. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवलं की शिजलेल्या कडधान्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. पुढच्या वर्षी गूस वोल्ट या अमेरिकी सॉफ्टवेअर इंजिनिअरने नुसतं चण्याचं पाणी आणि साखर यांवर मेरांग, म्हणजे गोड फेस वाळवून केलेले कुरकुरीत गोळे, करून दाखवलं आणि त्या पाण्याला 'अ‍ॅक्वाफाबा' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये अ‍ॅक्वा म्हणजे पाणी, फाबा म्हणजे शेंगेतला दाणा. दोन टेबलस्पून पाणी म्हणजे एका अंड्याचा पांढरा भाग, तीन म्हणजे आख्खं अंडं. घरी शिजवलेल्या चण्यांचं पाणी बहुधा पातळ असतं. ते पुन्हा आटवून, बोटांत जरा चिकटेल इतकं दाट करून, पूर्ण गार करून घ्यायचं. शिजवताना मीठ घालायचं नाही; मी घातलं होतं, खारट मेरांग कुणी खात नाही.

फेटताना पहिली तीन मिनिटं साबणाच्या पाण्यासारखे मोठे बुडबुडे. पाव टीस्पून क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे फेस टिकवणारी आंबट पूड, टाकलं, यंत्र चालू ठेवलं. सहाव्या-सातव्या मिनिटाला आवाज बदलला. छपछप होती ती एकदम मऊ सरसर झाली. वाकून बघितलं तर भांडंभर पांढराशुभ्र फेस, आणि चण्याचा वासही उरलेला नाही. साखर चमच्या-चमच्याने घातली. भांडं डोक्यावर उलटं धरायची माझी हिंमत झाली नाही. पिल्लूने धरलं. पडलं नाही. शंभर अंशांवर दोन तास वाळवलेले ते गोळे त्याने मोजून नऊ खाल्ले, आणि मी दहावा दिला नाही, कारण तो निव्वळ साखरेचा डोंगर असतो. पौष्टिक वगैरे काही नाही त्यात.

पौष्टिक म्हटल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अंडं काढलं की पदार्थ आपोआप पथ्याचा झाला असं समजणारे पुष्कळ भेटतात. तीन अंड्यांत एकोणीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. त्यांच्या जागचं जवस चारच देतं. कॅलरी वाचतात शंभरेक, आख्ख्या केकमध्ये, म्हणजे तुकड्याला आठ-नऊ! जवसातून चोथा मिळतो, हे खरं. अ‍ॅक्वाफाबातून म्हणण्यासारखं काहीच मिळत नाही. बलक कमी करायचा असेल तर एका अंड्याच्या जागी दोन पांढरे हा जुना बदल चांगला. ७२ कॅलरींच्या जागी ३४, प्रथिनं तेवढीच किंबहुना जरा जास्त. मात्र बलकाची चरबी जाते तसा मऊपणाही जातो आणि केक चिवट होतो, म्हणून मी सगळी अंडी तशी बदलत नाही, तीनातलं एक बदलतो.

खरा फरक पडला तो तेल आणि साखरेने. तेल निम्मं केलं आणि तेवढाच सफरचंदाचा गर घातला. साखर पाव हिस्सा कमी केली. साखर नुसती गोडीला नसते, ती ओलावा धरते आणि रंग आणते. मी एकदा निम्मी केली तेव्हा केक फिका आणि कोरडा निघाला. पाऊण हिस्सा ठेवली तर फारसं कुणाला कळत नाही. एवढ्या दोन बदलांनी ४४०० वरून सव्वाबत्तीसशेच्या आत आलो.

आणि तरीही पहिल्या आठवड्यात आमचं खाणं वाढलं होतं.

कसं, ते सांगायला लाज वाटते. मी मोठा केक निम्मा केला, १६ च्या टिनचा गोंडस गोल केक. त्याचे सहा तुकडे करायला हवे होते. पण लहान केकचे सहा तुकडे ताटलीत इतके केविलवाणे दिसतात की हात आपोआप चारवर थांबला. चार तुकडे, म्हणजे जुन्या कृतीच्या निम्म्या केकमधून प्रत्येकी साडेपाचशे कॅलरी, आधीच्या ३६५ च्या जागी. केक निम्मा, तुकडा दीडपट. वर 'आपण आता थोडंच खातो' या समाधानात दुसराही घेतला जायचा. हे हिने पकडलं, मी नाही. ती म्हणाली, "तुम्ही केक लहान केलात, सुरी तीच राहिली."

सुरीच काढून टाकली. आता निम्मं मिश्रण बारा लहान मफिनच्या कागदी वाट्यांत भरतो. वजनकाट्यावर ट्रे ठेवायचा, शून्य करायचा, प्रत्येक वाटीत ५० ग्रॅम. एकूण सहाशेच्या जवळ मिश्रण, बरोबर बसतं. एक मफिन सव्वाशे ते दीडशे कॅलरींच्या मधला. अठरा ते वीस मिनिटांत भाजून होतात. दोन बाहेर, दहा गार करून फ्रीझरमध्ये. गोठलेला मफिन काढून, वाट बघून खायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात निम्म्या वेळा इच्छा मरते. जवसाचे मफिन मधोमध जरा उशिरा शिजतात. काडी कोरडी आली तरी आत चिकट असू शकतं. मी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतलाय. मध्यभागी ९६-९७ अंश दाखवल्याशिवाय बाहेर काढत नाही.

एक खोडी चमच्याची. एका पुस्तकातल्या कृतीने जवसाला तीन टेबलस्पून पाणी सांगितलं होतं आणि माझा केक दोनदा चिखल झाला. पुस्तक ऑस्ट्रेलियाचं होतं. तिथला टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो, बाकी बहुतेकांचा १५. तिथली पूडही त्याच मोठ्या चमच्याने होती, मी मात्र पूड माझ्या छोट्या चमच्याने आणि पाणी त्यांच्या मोठ्या मापाने घेतलं. कपाचंही तेच, अमेरिकी २४० च्या आसपास, दुसरीकडे २५०. मैद्याचा कप तर कसा भरता त्यावर १२० ग्रॅमचा असतो किंवा १५० चा. निम्मं-पाव करायला लागल्यावर या चुका मोठ्या दिसायला लागतात, कारण पदार्थ लहान आणि चूक तेवढीच. आता घरात आलेली प्रत्येक कृती आधी ग्रॅममध्ये लिहून घेतो, मग कापतो.

कापणं जमलं. वाढवणं अजून शिकतोय. मीठ आणि तिखट दुप्पट प्रमाणात थेट दुप्पट घालत नाही, दीडपट घालून चव बघतो. सूप दुप्पट केलं तर पाणी दुपटीला जरा कमी, कारण पातेल्याचं तोंड तेवढंच असल्याने वाफ तेवढीच जाते. केकमध्ये चव बघून काही दुरुस्त करता येत नाही, तिथे गणितच.

परवा पुन्हा भाचीचा फोन. "मामा, पिल्लूच्या वाढदिवसाला तोच गाजराचा केक. वीस मुलं आहेत. दुप्पट करशील?"

"करतो की," म्हणालो आणि फोन ठेवून कागद घेतला. दुप्पट म्हणजे सहा अंडी, जवस ४२ ग्रॅम, पाणी २७० मिलिलिटर. टिन २३ गुणिले १.४१४, साडेबत्तीस सेंटिमीटर. टेप घेऊन ओव्हनमध्ये डोकं घातलं. आतली रुंदी ३१.

"काय शोधताय आत?" ही मागून.

"दीड सेंटिमीटर."

म्हणजे २३ चेच दोन टिन, एकामागून एक. पण दुसरं मिश्रण कालवून तासभर ठेवलं तर सोडा ओट्यावरच संपून जाईल. म्हणून दुसऱ्याचं कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, आणि पहिला केक बाहेर आला की मगच एकत्र. भाचीला तसं कळवलं. तिने विचारलं, दोन केक एकावर एक ठेवून मध्ये क्रीम लावशील का. क्रीमचा हिशेब अजून केलेला नाही.